दिसतील तेवढेच

मोजणे ही बालवाडीतली गोष्ट, असे आपण धरून चालतो. एक, दोन, तीन, चार. त्यात विचार करण्यासारखे काय असणार? पण गेले तीन महिने मी रोज तासभर नुसते मोजते आहे, आणि रोज काही ना काही विचार करण्यासारखे सापडते आहे. म्हणून हा लेख.

माझा एक जुना विद्यार्थी संशोधन करतो. संगणकाला एखादे वाक्य दिले की तो त्यावरून चित्र तयार करतो, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. २०२२ साली अशी साधने सामान्य माणसाच्या हाती आली. ही चित्रे सांगितल्याबरहुकूम निघतात का, हे तपासायला त्याला माणसे हवी होती. "बाई, तुम्ही आमच्या वह्या तपासायचात ना, तसेच समजा," तो म्हणाला. वह्यांचे नाव काढल्यावर मला नाही म्हणवेना.

काम असे. पडद्यावर चित्र येते. त्यातली अमुक वस्तू किती, ते मोजून आकडा लिहायचा. मग ज्या वाक्यावरून ते चित्र काढले ते वाक्य दिसते. चित्र वाक्याशी किती जुळते, याला एक ते पाच गुण. आणि चित्र किती खरे वाटते, याला वेगळे एक ते पाच. प्रत्येक चित्र तिघे जण तपासतात आणि एकाचे उत्तर दुसऱ्याला दिसत नाही.

आता चित्रे बघा. 'ताटात पाच मोदक'. केळीचे पान, रेखीव कळ्या, वर वाफसुद्धा. मोदक मात्र सात! 'तारेवर सहा चिमण्या'. चिमण्या नऊ, आणि त्यातल्या एकीला दोन्ही बाजूंना शेपूट.

ज्याला मोदकाच्या कळ्या जमतात त्याला पाच का जमू नयेत? विद्यार्थ्याने मला समजावले ते असे. ही यंत्रे कोट्यवधी चित्रे आणि त्यांच्यासोबत लिहिलेल्या ओळी पाहून तयार झालेली असतात. आता तुम्हीच सांगा, आंब्याच्या पेटीच्या फोटोखाली कोणी 'अठ्ठेचाळीस आंबे' असे लिहितो का? 'आंब्याची पेटी' एवढेच लिहितो. आणि आकडा लिहिला तरी तो मोजणीचा असेलच असे नाही. 'इयत्ता ५ वी' लिहिलेल्या फोटोत मुले चाळीस असतात. बिचाऱ्या यंत्राने 'पाच'चा अर्थ लावायचा तरी कसा?

चित्र आणि शब्द यांची सांगड घालणारी 'क्लिप' नावाची एक प्रणाली २०२१ साली आली. तिलाही मोजणे जड जाई. २०२३ मध्ये गुगलच्या संशोधकांनी तिच्यावर एक शोधनिबंध लिहिला. त्याच्या शीर्षकाचा अर्थ 'क्लिपला दहापर्यंत मोजायला शिकवताना' असा होतो. त्यांनी काय केले? समजा चित्रात तीन कुत्रे आहेत. तर 'तीन कुत्रे' या खऱ्या ओळीसोबत 'पाच कुत्रे' अशी खोटी ओळही द्यायची आणि खरी कोणती ते ओळखायला लावायचे. म्हणजे आपले 'योग्य पर्याय निवडा'! मला हसूच आले.

यंत्राला नावे ठेवताना आपले डोळेही पाहावेत. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८७१ साली 'नेचर'मध्ये एक प्रयोग छापला होता. घेवड्यासारखे दाणे पेटीत टाकायचे आणि एका नजरेत किती ते सांगायचे. तीन-चार दाण्यांपर्यंत तो एकदाही चुकला नाही. पाचपासून चुका सुरू झाल्या. म्हणून मी नजरेने मोजतच नाही. पेन्सिलीचे मागचे टोक पडद्यावर एकेका वस्तूवर टेकवते आणि पुटपुटत मोजते. पहिलीतली मुले चिंचोके मोजतात तशी.

खरी पंचाईत 'एक म्हणजे काय' इथे होते. कापलेला अर्धा आंबा एक धरायचा की नाही? आरशातला दिवा? भिंतीवरच्या कॅलेंडरातले पोपट? आम्हाला नियमांचा कागद दिला आहे. तरीही एका चित्रात तिघांची तीन उत्तरे आली: चार, पाच आणि सहा. विद्यार्थी म्हणाला, "बाई, हेही उपयोगाचे आहे. जिथे तीन माणसांचे जमत नाही, तिथे चित्रातच घोळ असतो." 'मोजता येत नाही' असाही एक पर्याय आम्हाला आहे. तो मला फार आवडतो. मोजणे अवघड असेल तर यंत्र तसे सांगत नाही, निमूटपणे चित्र काढून मोकळे होते.

गुणांचे दोन रकाने वेगळे का, हे मात्र कोणत्याही शिक्षकाला सांगावे लागणार नाही. सुवाच्य अक्षरातला निबंध हातात आला की आतली चूक सौम्य वाटू लागते. एका गुणाची छाया दुसऱ्यावर पडते, हे थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्येच दाखवून दिले होते. मोदकाच्या कळ्या सुरेख आहेत, त्यांचे गुण कळ्यांना. सात मोदकांना पाच म्हणता येणार नाही.

आणि वाक्य नंतर दाखवतात, तेही याचसाठी. 'पाच' हा शब्द आधी वाचला की डोळे पाच शोधू लागतात. शेजारच्या वहिनी एकदा म्हणाल्या, "अहो, एखादा इकडेतिकडे झाला तर कोणाला कळतंय?" मला २०११ ची पटपडताळणी आठवली. ३ ते ५ ऑक्टोबर असे तीन दिवस राज्यभर शाळांतली मुले मोजली गेली. पुन्हा मोजली जाऊ नयेत म्हणून त्यांच्या बोटांना शाई लावली होती. किती तरी ठिकाणी हजेरीपटावर मुले होती आणि वर्गात नव्हती. कागदावर काय अपेक्षित आहे ते बघून आकडा लिहिला की असे होते. मोजणे साधे असते, पण अपेक्षित आकडा ठाऊक असताना दिसेल तोच लिहिणे साधे नसते.

उद्या अंकलिपीची चित्रे अशीच यंत्राकडून काढून घेतील, हे काही अवघड नाही. समजा '५' या अंकाशेजारी सहा पोपट छापले गेले. मूल बोट ठेवून मोजेल आणि म्हणेल, सहा. आपण पुस्तकाकडे बघून सांगू, नाही रे, पाच आहेत. मूल गप्प बसेल. पुस्तक तर नंतर दुरुस्त करता येईल, पण आपल्या बोटावरचा त्या मुलाचा विश्वास गेला तर तो परत कसा आणायचा?

असो. आज अजून चाळीस चित्रे बाकी आहेत.