बारा वाजताचा डबा

पाळणाघरातल्या मावशींनी पहिल्या आठवड्यात माझ्याकडे एकच तक्रार केली. "ताई, डबा उघडत नाही हो मला." एका कडेवर कुणाचं तरी रडणारं लेकरू आणि दुसऱ्या हातात माझा स्टीलचा डबा. मी सकाळी आठला वाफाळता मऊ भात भरायची आणि गरम राहावा म्हणून लगेच झाकण दाबून लावायची. आतली वाफ निवली की झाकण आत ओढलं जातं आणि रुतून बसतं. मावशी तो डबा कोमट पाण्यात धरायच्या, चमच्याच्या दांड्याने कड उचकटायच्या. तोवर चौदा महिन्यांची माझी लेक भुकेने रडून रडून झोपेला आलेली असायची. त्या दिवसापासून मी वाफ पूर्ण जाऊ देते, झाकणाच्या आतून हात फिरवून थेंब पुसते आणि मगच डबा बंद करते. झाकणाला साचलेलं हे पाणीच खाली टपकून पोळीचा लगदा करत होतं, हेही तेव्हाच कळलं.

डबा भरणं आणि लेकराला भरवणं ही दोन वेगळी कामं आहेत. घरी भरवताना चुकलेलं तिथल्या तिथे सावरता येतं. वरण घट्ट झालं तर चमचाभर पाणी घाला, घास मोठा झाला तर बोटांनी मोडा, नकोच म्हणाली तर खिडकीतला कावळा दाखवा. डब्यातल्या घासाच्या वाट्याला यातलं काही येत नाही. तो चार तासांनी, दुसऱ्या घरात, दुसऱ्या कुणाच्या हातून, मी समोर नसताना खाल्ला जाणार असतो. म्हणून सकाळी आठला तो कसा लागतो याला फारसा अर्थ नाही. बाराला कसा लागेल ते आठला कळायला हवं.

ते कळावं म्हणून मी एक सवय लावून घेतली. तिच्यासाठी जे करायचं त्यातलेच दोन घास तसल्याच एका छोट्या डब्यात भरून माझ्या नोकरीच्या शाखेत न्यायचे आणि बरोबर बाराला उघडायचे. शाखेत जेवणाची सुट्टी दोनला. मी बाराला पाच मिनिटं उठून पाणी प्यायला जायची आणि तिथेच उभ्याने खायची. या एका सवयीने मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. आठला सैल वाटणारी मुगाची खिचडी बाराला वडीसारखी कापता येते, तेव्हा ती भांड्यात अगदी पातळ दिसेपर्यंत पाणी घालायचं. पोळीचे तुकडे कोरडे भरले की कडा टोचतात. तूप लावून एकावर एक ठेवले तर मऊ राहतात. बटाटा गार झाला की पिठूळ होतो, दुधी मात्र तसाच राहतो. कोरेगावचा वाघ्या घेवडा रात्रभर भिजवून नीट शिजवला, सालासकट कुस्करला आणि त्यात लोण्याचा गोळा घातला, तर गार झाल्यावरही चव धरून राहतो. तो माझा हुकमी डबा झाला.

तेव्हा आम्ही साताऱ्यात होतो. बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा आणि तिला जोडून मिळेल ती सगळी रजा संपली होती, पुढचे काही महिने माझ्या आईने काढून दिले होते. ज्या आस्थापनेत ५० किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथे पाळणाघराची सोय हवी, असं २०१७ पासून कायदा सांगतो. आमच्या शाखेत माणसं अकरा. म्हणून गल्लीच्या टोकाचं घर, त्यात नऊ मुलं आणि मावशी.

मावशींकडे पाहताना मला लक्ष्मीबाई पाटील आठवायच्या. साताऱ्यात वाढलेल्या प्रत्येक मुलीने शाळेत ऐकलेलं असतं की कर्मवीर भाऊरावांच्या वसतिगृहातली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं. लहानपणी माझ्या मनात ते मंगळसूत्रच राहिलं होतं. आता वाटतं, त्यागाची ती गोष्ट सांगताना रोजची चूल कशी विसरली जाते! दुसऱ्यांची इतकी मुलं, त्यात कुणाला तिखट सोसत नाही, कुणी घरच्या आठवणीने जेवत नाही, आणि हे रोज, दोन्ही वेळा. मावशी नऊ डबे उघडतात आणि कुणाचा कुठला हे त्यांना न बघता कळतं. त्यांचं काम जरा हलकं होईल असा डबा भरणं, एवढं तरी माझ्याकडून व्हायला हवं.

साताऱ्यात जेवणाने मला फारसं छळलं नाही, छळलं पाळणाघरात द्यायच्या अंथरुणाने. जूनच्या अखेरीला ढग अजिंक्यताऱ्यावर बसतात ते गणपतीपर्यंत उठायचं नाव घेत नाहीत. माझ्या आजीच्या लुगड्यांची एक जाड वाकळ आईने हौसेने लेकीला दिली होती. सुती लुगडी, इचलकरंजीच्या मागावरची, वर्षानुवर्षं धुऊन दुधाच्या सायीसारखी मऊ झालेली. सात पदर, आणि त्यावर बोटभर अंतराने घातलेले धावदोरे. दुपारी ती एकदा ओली झाली की तीन दिवस वाळायची नाही. वरून कोरडी लागायची, पण नाक लावलं की आतल्या पदरातला कुबट वास यायचा. आईने सुचवलं म्हणून शेगडीवर वेताची टोपली उपडी घालून तिच्यावर लंगोट वाळवून पाहिले, ते वाळले. वाकळ कुठली वाळतेय!

शेवटी मी तीच उसवली. आजीच्या हातचे टाके कापताना हात थरथरला. पण सात पदरांच्या एका वाकळीपेक्षा तीन-तीन पदरांच्या दोन वाकळी पावसाळ्यात जास्त उपयोगाच्या, हे मला पुरतं पटलं होतं. एक अंगाखाली, एक घरी दोरीवर. पंख्याखाली रात्रभरात वाळते. पदर कमी केले की टाके जवळ घ्यावे लागतात, नाहीतर धुताना कापड आत गोळा होतं. आजीचं बोटभर अंतर मी अर्ध्यावर आणलं. उरलेल्या सातव्या पदराची पिशवी शिवली. आधी मी अंथरूण प्लास्टिकच्या पिशवीत द्यायची. त्यात दमट कापड दिवसभर कोंडून राहायचं. सुती पिशवीला श्वास असतो.

उशी नाही. वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंथरुणात उशी किंवा सैल पांघरूण अजिबात ठेवू नये असं डॉक्टर सांगतात. माझी लेक ते वय ओलांडून गेली होती, तरी उशी मी दिलीच नाही आणि तिने कधी मागितली नाही. खाली रबरी कापड, त्यावर वाकळ, पांघरायला दुपटं. नऊ मुलांची अंथरुणं एकाच कपाटात. सगळ्यांनी कडेवर नावं लिहिली होती. नावं मावशी वाचतात, मुलं कुठे वाचतात? मी कोपऱ्यात पिवळ्या दोऱ्याने एक चिमणी काढली. दीड वर्षाची झाल्यावर लेक स्वतः कपाटापाशी जाऊन "चिऊ" म्हणत पिशवी ओढायला लागली.

एकदा मात्र मी घोटाळा केला. पावसाच्या वासाला कंटाळून वाकळ भरपूर सुगंधी द्रावणात भिजवली आणि खूश होऊन दिली. त्या दुपारी ती झोपली नाही, दुसऱ्या दुपारीही नाही. मावशींनीच वाकळ नाकाशी नेऊन विचारलं, "ताई, काय घातलंत हिला?" डोळे मिटले की लेकराला ओळखीचं असं तेवढंच उरतं, घरचा वास, आणि तोच मी धुऊन टाकला होता. त्या रात्री दोन्ही वाकळी साध्या पाण्यात पिळल्या, आणि दोन रात्री मी त्या स्वतःच्या अंगावर घेऊन झोपले.

मार्चमध्ये सांगलीला बदली झाली. अंतर जेमतेम सव्वाशे किलोमीटर, नदीही तीच. माहुलीच्या संगमावरून गेलेलं कृष्णेचं पाणी इथल्या घाटाला लागतं. पण हवा पार दुसरी. एप्रिलात पारा चाळिशीला टेकतो. साताऱ्यात मी मऊ भातात दूध घालून त्याला अर्धा चमचा दह्याचं विरजण लावायची. बाराला तो गोडसर दहीभात झालेला असायचा. सांगलीत पहिल्याच आठवड्यात मी माझा डबा उघडला तर आंबूस वास. मी घास न खाता धावत पाळणाघरात फोन केला. इथल्या काकूंनी तिला तो भात भरवलाच नव्हता. "वास आला मला, आमच्यातली भाकरी दुधात कुस्करून दिली. घाबरू नकोस गं," म्हणाल्या. मी खुर्चीत बसून राहिले.

शिजवलेल्या भातात उष्णतेने न मरणारे काही जिवाणूंचे बीजाणू उरतात. भात बराच वेळ कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं एक विष भात पुन्हा गरम करूनही जात नाही. उन्हाळ्यात डब्यातून भात मी बंद केला. त्याच्या जागी जुन्या बायकांचा प्रवासातला पदार्थ आणला, दशमी. पाणी न घालता दुधात भिजवलेली कणीक, जरासा गूळ, मंद तव्यावर तुपात भाजलेली. पाण्याचा अंश कमी म्हणून टिकते, दूध-तुपामुळे मऊ राहते आणि दोन बोटांत धरता येते. पूर्वी लोक ती शिदोरीला बांधून गावोगाव जात. माझ्या लेकीचा प्रवास दोन गल्ल्यांचा, पण ऊन तेच.

सांगलीने आणखी एक सावधपणा शिकवला. इथे द्राक्षं आणि बेदाणे घरोघरी. तासगावकडचं कुणीतरी पेटी आणून देतं आणि प्रेमाने लेकराच्या हातात अख्खं द्राक्ष ठेवतं. अख्खं गोल द्राक्ष लहान मुलाच्या घशात अगदी बुचासारखं बसू शकतं. मी प्रत्येक द्राक्ष उभं चिरून चार फाका करते. आडवं चिरलं तर दोन्ही तुकडे गोलच राहतात. बेदाणे रात्री भिजवून सकाळी वाटते. शेंगदाणे फक्त कुटाच्या रूपात. काकूंना हे सांगताना जड गेलं, कारण त्यांच्या अनुभवापुढे मी कालची. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्याच मुलांची द्राक्षं चिरली.

आणि हळद. वरणाचा हात वाकळीला पुसलेला असतोच. डागाला साबण लावला की तो लालभडक होतो. मी घाबरून घासत बसायची. साताऱ्याच्या पावसाळ्यात ते डाग तसेच राहिले होते, चिमणीच्या शेजारी एक, पायाकडे तीन. सांगली तर हळदीचं गाव, २०१८ साली इथल्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. काकू म्हणाल्या, "घासू नकोस. ओलं असतानाच उन्हात टाक." हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. गच्चीवर दोन दुपारी गेल्या आणि साताऱ्याचे सगळे डाग उडाले. खालून आजीच्या लुगड्याची बारीक चौकट पुन्हा दिसायला लागली. ती तिथे होती हे मी विसरून गेले होते.

लेक आता अडीच वर्षांची आहे. दुपारची झोप तासाभरावर आली आहे आणि डब्यातलं काय आवडलं नाही ते ती मला तोंडावर सांगते, त्यामुळे बाराचा माझा छोटा डबा आताशा बंद आहे. परवा तिला आणायला लवकर गेले, तर ती झोपलेली होती आणि दोन्ही पाय वाकळीबाहेर फरशीवर होते. काल रात्री मी माझ्या एका सुती साडीचा काठ कापला, वीतभर रुंद, विटकरी रंगाचा. एका वाकळीला जोडून झाला आहे. दुसरीचे टाके अजून अर्धे राहिलेत, आणि ओट्यावर घेवडा भिजत घातला आहे.