समुद्रसपाटीवरची तयारी

कोपरीत राहणाऱ्या मनुष्याने हिमालयाची तयारी करावी, यात थोडा विनोद आहेच. एका अंगास ठाण्याची खाडी, दुसऱ्या अंगास लोहमार्ग, आणि मधली भूमी अशी सपाट की, ऐन भरतीत जोराचा पाऊस आला तर पाण्यालाही कोठे उतरावे हे उमजत नाही. अशा ठिकाणी वैशाखापासून मी जाड तळव्यांचे बूट चढवून, पाठीवर आठ किलो तांदळाचे ओझे घेऊन, इमारतीचे जिने चढतो-उतरतो आहे. शेजाऱ्यांनी प्रथम चौकशी केली, मग सल्ले दिले. आता ते केवळ वाट देतात.

आश्विनात मी व माझा भाचा एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळापर्यंत चालत जाणार आहोत. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची ५,४०० फूट. आमचा तळ ५,३६४ मीटरांवर. आकडे जवळजवळ तेच. माप मात्र बदलले आहे, आणि सारी गोम त्या मापात आहे. सह्याद्री पाय घडवितो, याविषयी शंका नको. १९९८ साली एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचलेले सुरेंद्र चव्हाण पुण्याचेच. परंतु विरळ हवेचा त्रास साधारणतः अडीच हजार मीटरांच्या वर सुरू होतो, आणि कळसूबाईचा माथा १,६४६ मीटरांवरच संपतो. म्हणजे मुंब्रादेवीच्या पायऱ्या आम्ही दर रविवारी कितीही वेळा चढलो, तरी आमच्या रक्ताला त्यातून काडीचेही शिक्षण मिळत नाही.

हवेतील प्राणवायूचे प्रमाण वरही शेकडा एकवीसच असते. हवेचा दाब तेवढा निम्म्याच्या आसपास येतो. वाढप्याने सारे पदार्थ नेहमीच्याच प्रमाणात वाढावे, पण पानच निम्मे मांडावे, तसा हा प्रकार. शरीर या अर्ध्या पानावर भागविण्यास शिकते. श्वास वाढतो, हळूहळू रक्तातील तांबड्या पेशीही वाढतात. पण त्याला दिवस लागतात. म्हणून तीन हजार मीटरांच्या पुढे मुक्कामाची जागा दररोज पाचशे मीटरांहून अधिक उंच नेऊ नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, असा नियम आहे. ३,४४० मीटरांवरील नामचे बाजार येथे आम्ही दोन रात्री राहू, ते याच कारणाने.

खरी अडचण येथेच आहे. १८५३ साली पहिली आगगाडी बोरीबंदराहून ठाण्यास आली. तेव्हापासून आम्हां ठाणेकरांना घाई निराळी शिकवावी लागत नाही. सुटत्या गाडीच्या डब्यात पाय टाकणे हा आमचा नित्याचा व्यायाम. त्यामुळे जिने चढण्यापेक्षा ते सावकाश चढण्याचाच सराव मला अधिक करावा लागला. चालताना धाप न लागता पूर्ण वाक्य बोलता आले, तर चाल योग्य समजावी. (भाच्याची पिढी मुळातच तीन शब्दांत बोलते, त्यामुळे त्याची परीक्षा घेणे अवघड जाते.)

तो तेवीस वर्षांचा आहे, एकवीस किलोमीटरांच्या शर्यती धावतो, आणि माझी काळजी त्यामुळेच वाढते. बळकट शरीराला उंची सोडून देत नाही. उलट बळकट मनुष्य वेगाने वर जातो आणि डोके दुखू लागले तरी लाजेने बोलत नाही. डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना जाणे ही पहिली चिन्हे. त्यांकडे दुर्लक्ष केले तर फुप्फुसांत पाणी होते, मेंदूस सूज येते, आणि मग ताबडतोब खाली उतरणे हाच मुख्य उपाय उरतो. माझ्या बहिणीला हा एकच मुलगा. "दादा, तू सोबत आहेस म्हणून पाठवते," एवढेच ती म्हणाली. त्या वाक्याचे ओझे आठ किलोंहून जास्त आहे.

म्हणून आम्ही एक करारपत्र लिहिले. रोज सायंकाळी दोघांनी एकमेकांची विचारपूस करावी. खोटे बोलू नये. दोघांपैकी एकाने "आता खाली" म्हटले की वाद न घालता उतरावे. चौथे कलम माझ्या पत्नीने घातले: मामाची प्रकृती बिघडली, तर भाच्याने एकट्याने पुढे जाऊ नये, त्याच्याबरोबर खाली यावे.

"म्हणजे मामा, तळ अर्ध्या दिवसावर असला तरी?" त्याने विचारले.

"तरीही."

तो दोन दिवस आमच्याकडे फिरकला नाही. त्याने या प्रवासासाठी वर्षभर पगारातून पैसे बाजूस टाकले आहेत, हे मला ठाऊक होते. म्हणून मीही निरोप धाडला नाही. तिसऱ्या दिवशी तो आला, उभ्याउभ्याच सही केली, आणि माझ्या पिशवीत आणखी दोन किलो तांदूळ ओतून म्हणाला, "चला मामा, जिना मोकळा आहे."