लाल दिवा

अँबॅसॅडर आणि लाल दिवा म्हटलं की मंत्री नाहीतर कलेक्टर डोळ्यांसमोर येतो. टपावरचे ते दिवे सरकारने 2017 मध्ये काढायला लावले. आमच्या मोताळ्याच्या घरच्या जुन्या डिझेल अँबॅसॅडरचा लाल दिवा मात्र आत, मीटरच्या शेजारी आहे. त्याच्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत माझी जी 'व्हायवा' झाली, तशी कुठल्याही एक्स्टर्नलने घेतली नसेल!

तसा मी कॉन्व्हेंटचा. इंग्रजीत ल्युब्रिकेशनवर दोन पानं सहज लिहितो. मागच्या सेमिस्टरला लिहिलीही होती. 1883 च्या सुमारास इंग्लंडात ब्यूचँप टॉवर बेअरिंगवर प्रयोग करत होता. वरच्या भोकातून तेल बाहेर येतंय म्हणून त्याने बूच मारलं, तर तेलाने बूचच बाहेर ढकललं! फिरणारा दांडा तेल स्वतःच आत ओढतो आणि त्याच्या दाबावर तरंगतो, हे त्यातून कळलं. 1886 मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं. इंजिनात पंपाने तिथे तेल पोचवत राहायचं, आणि दाब पडला तर लाल दिव्याने सांगायचं. दहापैकी नऊ मार्क होते मला.

तर, आजीला डोळे दाखवायला बुलढाण्याला नेत होतो. राजूरच्या घाटात वळणावर दिवा लुकलुकला, मग लागूनच राहिला.

"का रे बावा, हा लाल दिवा कायले लागला?"

"काही नाही गं आजी, सेन्सर खराब असेल."

"गाडी उभी कर बरं."

नऊ मार्कवाला कशाला थांबतोय! आणखी दोन वळणं चढलो आणि खालून आवाज सुरू झाला. ठक-ठक-ठक... कोणी आतून हातोडी मारतंय असा. तेव्हा कुठे इंजिन बंद केलं. ऑइलची पट्टी काढली, तर कोरडी! आजीला मोताळ्याच्या एस.टी.त बसवलं आणि गाडी ट्रॅक्टरला बांधून हळूहळू गॅरेजला आणली.

मिस्त्रीकाकांनी आधी गाडीखाली डोकं घातलं. चेंबरचा नट ढिला, खाली सगळं ऑइलच ऑइल. त्यांनी क्रँकची पुली पान्याने फिरवून पाहिली. फिरत होती, म्हणजे इंजिन बसलेलं नव्हतं. नट आवळला, ऑइल भरलं. सेन्सर काढून त्याच्या जागी प्रेशरचं घड्याळ लावलं आणि जरा वेळच इंजिन चालवलं. काटा जेमतेम हलला. सेन्सर बिचारा खरंच सांगत होता!

मग त्यांनी एकेका नोझलच्या पाइपचा नट ढिला केला. तिसऱ्याला आवाज एकदम दबला. मी लगेच म्हणालो, "म्हणजे तिसरं नोझल खराब!"

"थांबा, इंजिनीअरसाहेब." त्यांनी दुसरं आणि तिसरं नोझल अदलाबदल करून लावलं. नोझलचा दोष असता तर आवाज दुसऱ्यावर गेला असता. आवाज तिसऱ्यावरच राहिला. "बेअरिंग गेलं," काका म्हणाले. चेंबर उतरवलं, तर तळाच्या ऑइलात चमकी सांडल्यासारखा धातूचा चुरा. तिसऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा वरचा थर पार निघालेला, क्रँकवर चरे पडलेले. आता क्रँक ग्राइंड करायचा आणि जाड बेअरिंग बसवायचं.

तेवढ्यात बाबा आले. आल्या आल्या काकांवर चिडले, "महिन्यापूर्वीच तुमच्याकडे ऑइल बदललं ना? हे असं काम?"

काका काही बोलले नाहीत. माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "नटाले वायसर नव्हता, साहेब."

मित्रहो, ऑइल काकांनी बदललंच नव्हतं. मी बदललं होतं. बाबांनी गॅरेजसाठी दिलेली मजुरी मी होस्टेलवर पार्टीत उडवली होती. तांब्याचा तो वायसर जुन्या ऑइलबरोबर कुठेतरी पडला, आणि त्याच्यावाचून काय अडतंय म्हणून मी नट तसाच आवळला. काकांना हे नट पाहताच कळलं असणार. तरी माझ्या वडिलांचं बोलणं ते मुकाट्याने खात होते. मीही दोन मिनिटं गप्प उभा राहिलो. ती दोन मिनिटं अजून आठवतात.

मग सांगून टाकलं. सगळं, मजुरीसकट.

बाबा मला काहीच बोलले नाहीत. काकांना मात्र म्हणाले, "माफ करा." ते ऐकणं थपडेपेक्षा जड गेलं. उरलेली सुट्टी मी गॅरेजमध्ये भाग धुण्यात काढली. निघताना काकांनी ते झिजलेलं बेअरिंग हातात ठेवलं, "ने, कालेजात दाखव."

ते आता होस्टेलच्या टेबलावर आहे. खोलीत येणारा प्रत्येक जण हे काय म्हणून विचारतो. सुरुवातीला मी नुसतं 'फेल्युअर ऑफ लोअर शेल' सांगायचो. आता वायसरपासून सांगतो.

– तृतीय वर्ष, यांत्रिकी