उजव्या हाताची खिडकी

मैत्रिणींनो, मार्चमध्ये साताऱ्याहून सांगलीला सकाळच्या एस. टी.ने निघालात, तर उजव्या हाताची खिडकी धरा. डावीकडे ऊन नुसतं भाजून काढतं. कऱ्हाड सोडलं की दोन्ही बाजूंना ऊस. डोळे निवतात, पण अंग नाही.

मी निघाले होते तासगावजवळ, धाकट्या बहिणीकडे. त्यांची बेदाण्याची शेड आहे. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिच्या गालांवर वांगाचे डाग उठले, आणि हंगामात उन्हातली ये-जा काही चुकत नाही. डॉक्टरांनी सनस्क्रीन लिहून दिलं होतं.

"अक्का, पैसे पाण्यात गेले बघ. लावलं की मळासारख्या वळ्या निघतात!"

ट्यूबवर बारीक अक्षरांत होतं, 'ॲक्रिलेट्स कोपॉलिमर'. माझं बी. ए. मराठीचं, शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, हा प्लॅस्टिकच्या जातीचा पदार्थ. क्रीममधलं पाणी वाळलं की त्वचेवर न दिसणारा पातळ पापुद्रा धरतो. ऊन अडवणारी द्रव्यं वेगळीच. हा त्यांना घामात वाहू न देता जागेवर धरून ठेवतो. वाळायच्या आत चोळलं, की वळ्या!

एवढ्यात समोर द्राक्षांचे क्रेट द्रावणात बुडत होते. द्राक्षाच्या सालीवर मुळातच मेणाचा थर असतो, आतलं पाणी राखणारा. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात तो सैल होतो, मग जाळीवर सावलीत घड लवकर वाळतात. हे बहिणीला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. ती एकदम थांबली.

"अगं, मी तर आधी खोबरेल लावते, मग क्रीम, वर पावडर, आणि घाम आला की पदराने पुसते. म्हणजे मी तोंडाचं डिपिंगच करत होते की!"

हसून पुरेवाट झाली. दुसऱ्या दिवशी कोरड्या चेहऱ्यावर, गळ्यासकट, दोन बोटांच्या लांबीइतकं क्रीम हलक्या हाताने पसरलं आणि पंधरा मिनिटं हात लावला नाही. सासूबाईंनी विचारलंच, "आज बसलीस का गं?" घाम टिपायचा, पुसायचा नाही, दर दोन तासांनी पुन्हा लावायचं. रात्री मात्र खोबरेल चालतं: आधी तेलाने पुसून घ्यायचं, मग साबण. खाज किंवा पुरळ आलं तर बंद करून डॉक्टरांना दाखवायचं. वांग जायला महिने लागतात आणि क्रीम असलं तरी डोक्यावर स्कार्फ हवाच, हेही तिला बजावून आले. वळ्या मात्र निघाल्या नाहीत.

किलोभर बेदाणे घेऊन दुपारच्या गाडीने परतले. तेव्हाही सावली उजवीकडेच होती, बरं का!