गाठीचा दोर

२०१२ साली आम्ही दोघी आठवीत होतो. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या पाच विहिरींचं पाणी वर्षभर मोजायचं, असा विज्ञान प्रकल्प आम्ही घेतला. साधन एकच: फुटाफुटावर गाठी मारलेला दोर आणि टोकाला दगड. दर रविवारी सकाळी, कुणी पोहरा टाकायच्या आधी, दोर सोडायचा. दगड पाण्याला टेकला की काठाशी दोर चिमटीत धरायचा आणि वर ओढताना गाठी मोजायच्या. दोर ती सोडायची, आकडे मी लिहायची. दगड टेकल्याचं तिला हाताला कळायचं; मला खाली नुसता अंधार दिसायचा.

सरांनी सांगितलं होतं, आपल्याखालचा काळा खडक पाणी धरत नाही. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या फटींत. म्हणून शेजारशेजारच्या विहिरीही सारख्या वागत नाहीत. त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. श्रावणात वर यायचं ते पाणी ३० फुटांखालीच राहिलं. दसऱ्याच्या सुमारास तिच्या मळ्यातल्या विहिरीत दगड ठणकन वाजला. मी वहीत लिहिलं, ‘कोरडी’. प्रकल्पाला चांगला ठळक निष्कर्ष मिळाला, असंच तेव्हा वाटलं. तिच्या आईवडिलांनी मुकादमाकडून उचल घेतल्याचं मला आठ दिवसांनी कळलं. धाकट्या भावाला सांभाळायला तीही त्यांच्याबरोबर ऊसतोडीला गेली.

जानेवारीत तालुक्याला विज्ञान प्रदर्शन होतं. “जो हजर, त्याचंच नाव टाकायचं,” असं सांगण्यात आलं. मी मान हलवली. दुसरा नंबर आला.

एप्रिलमध्ये ती परतली. हातांवर पाचटाचे ओरखडे होते. आल्या आल्या तिनं विचारलं, “वही कुठवर आली?” मग पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. कोप्यांजवळच्या विहिरीचं पाणी तिनं तिकडे मोजलं होतं, बैलाच्या कासऱ्याला गाठी मारून. नोव्हेंबरात सहा फूट, जानेवारीत सात, मार्चमध्ये आठ.

“तिकडं वाकूनबी बघावं लागत नाही,” ती म्हणाली. “उसाला पाणी सोडत्यात, तरी हाये तेवढंच.”

माझ्या तक्त्यात पाच विहिरी होत्या, पण त्यांना ताडून बघायला बाहेरची एकही विहीर नव्हती. ती तिनं आणली होती. प्रदर्शनाचं तिनं विचारलं तेव्हा मी म्हणाले, “नंबर नाही आला.” प्रमाणपत्र घरी पत्र्याच्या पेटीत होतं.

नववीत ती शाळेत आली नाही. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं.

वही माझ्याकडे आहे. तो कागद मी शेवटच्या पानावर चिकटवलाय. मुखपृष्ठावर माझ्या नावाखाली तिचंही नाव घातलं, पण ते फार उशिरा, आणि शाईचा रंग वेगळा दिसतोच. आतलं पान तसंच आहे. विहीर क्रमांक ३, कोरडी. कारण: कमी पाऊस. त्यापुढे ‘परिणाम’ असा एक रकाना आम्हीच पट्टीनं आखला होता. त्यात मी तेव्हा काहीच लिहिलेलं नाही.