काठ

काठ वेडावाकडा झाला म्हणून लोकरीची हॅट टाकून दिलेली पाहिली की मला फार वाईट वाटतं. लोकर इतक्यात हार मानणारी नाही. तिच्या तंतूंवर डोळ्यांना न दिसणारे खवले असतात. ऊब, ओल आणि रगडणं मिळालं की ते एकमेकांत गुंततात आणि मागाशिवाय, सुईदोऱ्याशिवाय जाड, घट्ट नमदा तयार होतो. कोल्हापूरकडचं जेन, म्हणजे लोकरीचं अंथरूण, असंच होतं. बाबांची तपकिरी हॅटही तशीच.

बाबा डेहराडूनला सर्व्हे ऑफ इंडियात होते. हॅट त्यांनी मसुरीला, कुलडी बाजारात घेतली. काम डोंगरमाथ्यावरचं, उन्हातलं. थिओडोलाइटच्या दुर्बिणीला डोळा लावताना पुढचा काठ आड येई, म्हणून तेवढा त्यांनी वर वळवून घेतला होता. मागचा मानेवर सावली धरायचा. हॅट म्हटली की ती अशीच, पुढून उघडी आणि मागून झुकलेली असते, अशी लहानपणी माझी समजूत होती.

काठाला एवढं महत्त्व का, ते मला राजगुरूंच्या गोष्टीतून कळलं. डिसेंबर 1928 मध्ये साँडर्सवधानंतर भगतसिंग लाहोरहून निसटले ते साहेबी पोशाखात, डोक्यावर हॅट घालून. सोबत पत्नी म्हणून दुर्गाभाभी आणि त्यांचं लहान मूल, आणि आपले खेडचे राजगुरू नोकराच्या वेषात. हे सांगताना बाबा स्वतःची हॅट डोक्यावर चढवत आणि पुढचा काठ खाली ओढत. क्षणात त्यांचे डोळे नाहीसे होत. समोर बसलेले बाबा मला परके वाटत आणि अंगावर काटा येई.

पुढे दादानं ती पुण्याला कॉलेजात नेली आणि दोन्ही बाजू वर दुमडल्या. मग नोकऱ्या, लग्नं. हॅट साताऱ्याच्या घरी ट्रंकेत गेली, वर गोधड्यांचा भार. बाहेर काढली तेव्हा काठाला लाटा आल्या होत्या.

घरच्यांचं म्हणणं, आहे तशी भिंतीवर लावू, बाबांची आठवण म्हणून. मला ते मुळीच पटलं नाही. बाबांनी स्वतः दुकानातला आकार ठेवला नव्हता. कामाला जसा हवा तसा काठ वळवला होता. मी पाठीवर सॅक घेऊन हिंडते. मागचा काठ सॅकला अडतो आणि हॅट कपाळावर सरकते. मला तो मागून उचललेला हवा होता, पुढून खाली.

आधी मऊ ब्रशानं धूळ काढली. आतली चामड्याची पट्टी उलटून बाहेर घेतली. वाफेनं चामडं आकसतं, आणि मग हॅट डोक्यात शिरत नाही. किटलीच्या तोंडापासून वीतभर दूर काठ धरून थोडा थोडा फिरवत राहिले. वाफ लागली की लोकर बोटांना लगेच कळवते, ताठपणा जातो. मग ओलसर पंचा वर टाकून, बेताच्या गरम इस्त्रीनं लाटा बसवल्या. इस्त्री उघड्या लोकरीवर टेकवायची नाही, चकाकी येते ती जात नाही. सपाट झालेला काठ पुन्हा वाफेवर धरला आणि पुढून दोन्ही हातांनी हळूहळू खाली दाबला. मागच्या बाजूला टॉवेलची गुंडाळी दिली आणि गार होईपर्यंत हात लावला नाही. आकार ठरतो तो गार होताना, हे घाईच्या माणसानं लक्षात ठेवावं.

वाफेनं मेंढीचा वास सुटला. लोकरीच्या हॅटला ताठपणा यावा म्हणून पुष्कळदा लाखेचं द्रावण देतात. पळस, कुसुम, बोरीच्या फांद्यांवर किडे बसवून झारखंड-छत्तीसगडची माणसं पिकवतात तीच लाख. मेंढी कुठली, किडा कुठला, झाड कुठलं! एवढ्यांची मेहनत खुंटीला टांगून ठेवायला माझं मन घेईना.

दादानं नवा आकार पाहिला. काही बोलला नाही, पण डोक्यावर घालून आरशासमोर बराच वेळ उभा राहिला.

आता त्याची मुलगी स्पितीला निघाली आहे आणि तिला ती हवी आहे. तिकडे वारा फार, काठ सगळीकडून खाली हवा म्हणते. दुपारी तिला स्वयंपाकघरात बोलावलंय. किटली तिनंच धरायची, मी फक्त आधी पट्टी उलटायची आठवण करणार.