चोळा पॉवरहाऊस कुणाला आठवतंय?

काल सातिवलीत परत लाइट गेली आणि ठाकुर्लीचं चोळा पॉवरहाऊस आठवलं. १९२९ साली कल्याण-पुणे मार्गावर विजेच्या गाड्या सुरू झाल्या, त्यांच्यासाठी जीआयपी रेल्वेने उभारलेलं हे कोळशाचं वीजकेंद्र. १९८० च्या दशकात बंद पडलं. आज लोकलमधल्या पोरांना नावही माहीत नाही.

आपल्याच जिल्ह्यात डहाणूचं ५०० मेगावॅटचं केंद्र १९९५ पासून चालतंय. कधीतरी तेही थंड होईल. तिथले कामगार, चिकूवाले, मच्छीमार यांना आत्ताच विचारायला हवं: पोट कुणाचं भरलं, राख कुणाच्या वाट्याला आली? नाहीतर मागे फक्त जागेचा भाव उरतो.

तुमच्या घरात कुणी चोळ्याला नोकरीला होतं का? आठवण लिहा. मी जमवतोय.